भाऊजींचं ॲमस्टरडॅम आणि आईंची रहाड

आमचे मोठे दीर सहलीवाल्यांबरोबर युरोप करून आले आणि त्यांना नाशिक पुरेनासं झालं. म्हणजे राहतात इथेच, गंगापूर रोडला, स्वतःच्या बंगल्यात. पण तोंडात सतत ॲमस्टरडॅम. दर रविवारी आमच्याकडे यायचे, मी केलेले पोहे खायचे आणि कालव्यांच्या त्या शहराच्या नवलाईच्या गोष्टी ऐकवायचे. सगळ्या गाइडने बसमध्ये माइकवरून सांगितलेल्या. यांची स्वतःची भर काय, तर ‘आपल्याकडे आहे का असं काही?’

अख्खं शहर म्हणे चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे, आणि पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून ते लाकूड कुजत नाही. कालव्यात बेवारस मांजरांसाठी वेगळी होडी आहे. लोक पाण्यात सायकली टाकतात आणि त्या उपसायला खास बोट फिरते. ऐकायला मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण तोरा असा, की ते खांब जणू यांनीच ठोकले! मांजरांच्या होडीचं एवढं कौतुक, पण स्वतःच्या आईला या माणसाने एकदाही जिना उतरवून खाली नेलं नव्हतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांनी रस्ता पाहिला तो गॅलरीतूनच. त्यांचं माहेर जुन्या नाशकातलं, रहाडीला लागून. रहाड म्हणजे जमिनीतला जुना दगडी हौद. वर्षभर ओंडके आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा करतात, रंगाचं पाणी भरतात आणि माणसं धपाधप उड्या घेतात. आईंना यंदा ती रहाड बघायची होती. ‘पुढच्या वर्षाचं कोणी सांगितलंय?’ एवढंच म्हणायच्या.

त्या रविवारी भाऊजी सांगत होते, तिथली घरं अरुंद, जिने इतके चिंचोळे की सामान चढतच नाही. म्हणून घराच्या माथ्यालाच आकडा. दोर लावून कपाट, पियानो, काय वाट्टेल ते खिडकीतून वर घेतात.

‘आणि खाली?’ आईंनी विचारलं.

‘खालीही आणतात की.’

‘मग मला आण. रंगपंचमीला.’

भाऊजी हसले. म्हणाले, माझी पाठ धरते, गर्दी फार असते, त्यापेक्षा मोबाइलवर लाइव्ह बघ. आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला आयतोबा! आई पदराने चष्मा पुसत बसल्या.

रंगपंचमीला मी, माझा नवरा आणि खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, आम्ही चौघांनी आईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. रहाडीपाशी त्यांच्या भाच्यांनी खुर्ची थेट काठाला नेली. हौद पिवळ्या पाण्याने काठोकाठ. एकाने तांब्याभर पाणी आणलं. आईंनी ते ओंजळीत घेतलं, चेहऱ्याला लावलं आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले, त्यात लाजायचं काय?

आणि तिथे कोण? भाऊजी! पांढराशुभ्र सदरा घालून, मोबाइल उंच धरून. ‘आज आईला रहाड दाखवायला आणलंय,’ असं त्या मोबाइलला सांगत होते. ‘आई, इकडे बघ!’

आई भाच्यांना म्हणाल्या, ‘यालाही घ्या रे आत.’

माहेरवाशिणीचा शब्द कोण मोडणार? पोरांनी मोबाइल काढून माझ्या हातात दिला, भाऊजींना हातापायाला धरून उचललं आणि धप्पा! नाकातोंडात पिवळं पाणी जाऊन ते वर आले तेव्हा सगळा चौक हसत होता. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आम्ही परत इमारतीखाली आलो तर भाऊजी मागोमाग हजर, नखशिखांत पिवळे. लाज वाटली असेल, कोण जाणे, खुर्चीला हात लावायला पुढे आले.

‘राहू दे रे,’ आई घाईघाईने म्हणाल्या, ‘ओला आहेस, घसरशील. आधी डोकं पूस बघू.’ आणि स्वतःचा पदर पुढे केला.

एवढं होऊनही काळजी त्याचीच! भाऊजींनी मुकाट्याने वाकून त्या पदराला डोकं पुसलं आणि जिन्याखाली उभे राहिले. आम्ही चौघांनी आईंना उचललं आणि वर चढायला लागलो.