चौकोन भरणारी रेघ

१९९४ च्या मार्चमध्ये कळस गावातल्या एका रिकाम्या रानात आम्ही पांढऱ्या फक्कीने रेघ मारली. त्याच दुपारी जमिनीच्या मालकाने ती कुळवून टाकली.

आम्ही म्हणजे बारामतीतले गणिताचे एक प्राध्यापक आणि मी. उच्च गणितावर मराठीत भरपूर चित्रांचे पुस्तक करायचे होते. चित्रे ते ठरवत, मजकूर मी लिहीत असे. एका प्रकरणात चौकोन भरून टाकणारी रेषा होती. वळणे घेत ती चौकोनाच्या प्रत्येक भागात जाते. ती कागदाऐवजी रानात काढावी आणि पाण्याच्या टाकीवरून फोटो घ्यावा, ही कल्पना माझी. परवानगी मालकाच्या मुलाने दिली. तो प्राध्यापकांचा जुना विद्यार्थी, इंदापुरात नोकरीला; त्या दिवशी रजा काढून आमच्यासोबत रानात होता. वडील सकाळीच नरसिंहपूरला गेले होते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

ते परतले तेव्हा शेवटचे वळण चालू होते. ते बांधावरच थांबले. काही वर्षांपूर्वी पाण्याची चारी खोदण्याआधी सरकारी माणसांनी याच रानात अशीच पांढरी रेघ मारली होती. तेवढी पट्टी गेली ती गेलीच. कशावर सही केलीस, असे त्यांनी मुलाला विचारले. कशावरच नाही, असे तो म्हणाला. ते माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बघत राहिले. मी पुस्तकाचे सांगितले.

"गणिताला माझंच रान घावलं व्हय?"

प्राध्यापक पुढे झाले. ही नुसती सुरुवात आहे, रेघ पुढे आणखी बारीक, आणखी दाट होत जाते, हे त्यांनी काठीने मातीत काढून दाखवले. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले.

"मग शेवटाला रान किती ऱ्हातं?"

प्राध्यापकांना मोघम बोलता येत नसे. "शेवटी काहीच उरत नाही, आबा."

आबा बैल आणायला गेले. फोटो घ्यावा की नाही, यावर आम्ही बोलत राहिलो. मी टाकीवर पोचलो तोवर एक कोपरा गेला होता. एकच फोटो मिळाला.

पुस्तक दोन वर्षांनी निघाले. त्या फोटोत उजवीकडचा कोपरा कोरा आहे आणि तिथे बैलजोडी दिसते. मुलाने एक प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी आबांनी, मुलाला न सांगता, तलाठ्याकडून सातबाऱ्याचा नवा उतारा काढला. मी नंतर तलाठ्याला विचारले. क्षेत्र पहिल्याइतकेच होते. मालक म्हणून एकट्या आबांचे नाव होते.