सूर्यमाळचं वॉरंट

दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हटलं की आमचे हवालदार उंबऱ्याबाहेर बूट काढायचे. खिशात अटकेचं वॉरंट असलं तरी. वाकून नाड्या सोडताना ढेरी आडवी यायची, त्यात चार मिनिटं जायची. मी एकदा म्हटलं, "दादा, तेवढ्यात आरोपी मागच्या दाराने पळेल की." तर म्हणाले, "पळू दे. आत कणसरी असते, पोरी." कणसरी म्हणजे धान्याची देवी. मोखाड्यात चार वर्षं मी त्यांच्यासोबत ड्युटी केली, पण त्यांच्या हातून कोणी पळालेलं पाहिलं नाही. साहेब मात्र कपाळावर हात मारून घ्यायचे.

पोलीस दारात आले की घरातल्या बायाबापड्यांचं काय होतं, ते तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. हवालदार आधी पाणी मागायचे, मग कागद वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "घाबरू नका. सांजेला घरी." बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. कोर्ट रागवायचं आणि सोडून द्यायचं.

त्या सकाळी आम्ही सूर्यमाळच्या एका पाड्यावर गेलो. बांधावरच्या मारामारीची जुनी केस होती. आरोपी वीटभट्टीवरून नुकताच परतला होता, कारण आई अंथरुणाला खिळली होती. तो भांबावून म्हणाला, "पन मी त समन्सावर अंगठा दिलता." अंगठा दिला की काम मिटलं, ही इकडची समजूत. तारखेला हजर राहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. समन्स देणारे आमच्यातलेच, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीला दिसत नव्हतं. तिने चाचपत हवालदारांचा हात धरला. "सांजंला येल ना माझा पोऱ्या?"

"येईल, आजी. माझा शब्द."

कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार मिळेना. पाड्यावरच्या जमिनी अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर. स्वतःचा सातबारा आणणार कोण? तो ठाण्याला तुरुंगात गेला. हवालदार कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले. मला त्यांचा रागच आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कळू नये, शब्द कशाचा द्यावा?

म्हातारीने अन्न सोडलं. सून पेज घेऊन बसायची आणि ही तोंड फिरवायची, पोऱ्या आल्यावरच खाईन म्हणायची. हे कळल्यावर हवालदार ड्युटी संपवून रोज सूर्यमाळला जायला लागले. एकदा मीही गेले. साध्या कपड्यांत ते तिच्या उशाशी बसले. तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "आलास?" त्यांनी पेजेची वाटी तिच्या ओठांना लावली आणि ती प्याली. सून भिंतीकडे तोंड करून रडत होती. मलाही आवरेना.

अटकेनंतर आठव्या दिवशी म्हातारी गेली. दहाव्या दिवशी खोडाळ्याच्या एका पाहुण्याचा सातबारा जोडून पोरगा सुटला. हवालदार त्याला एसटी स्टँडवर भेटले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा अंगावर जाणार. त्याने एवढंच विचारलं, "मी नाय आलो, ते आयला कळलं का?"

"नाही रे. तिला वाटलं, तूच आलास."

निवृत्तीला वर्ष उरलं असताना हवालदार गेले. दहाव्याला केस काढायला त्यांची भावकी नदीवर ओळीने बसली होती. शेवटी सूर्यमाळचा तो येऊन बसला. न्हाव्याने विचारलं, "तू कोण त्यांचा?"

"भाऊ," तो म्हणाला, आणि त्याने डोकं पुढे केलं.