पगाराला मर्यादा आणि चार जणांच्या पोळ्या

इंग्लंडात वॉटफर्डला आमच्या गल्लीत चार सॉफ्टवेअरवाली मराठी मुलं भाड्यानं राहायची. संध्याकाळी त्यांचा स्वयंपाक मी करायची. शाळा मी नववीतच सोडलेली, इंग्रजी बेताचंच. या देशातलं पहिलं काम मला त्यांनी दिलं. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की वाचूनही तेच दाखवायचे.

त्यांतला नागपूरकर आधी अमेरिकेत होता. बेसबॉलचं वेड त्यानं तिथून आणलं आणि बाकीच्यांना लावलं. फायनलचे सामने इथे मध्यरात्रीनंतर लागायचे, म्हणून ते टेप करून दुसऱ्या दिवशी जेवताना बघायचे. तोवर कुणी स्कोअर सांगायचा नाही, असा घरात दंडक. मला खेळ कळत नसे, पण वाद कळायचा, कारण तो रोज तोच असायचा. प्रत्येक संघानं पगारावर किती खर्च करावा याला मर्यादा हवी, सॅलरी कॅप हवी, असं नागपूरकराचं म्हणणं.

"नाहीतर छोट्या संघांनी खेळाडू घडवायचे आणि श्रीमंतांनी पळवायचे. मग चॅम्पियनशिपला अर्थ काय?"

"मालकाच्या कमाईला कॅप नाही, खेळणाऱ्यालाच का?" पुणेकर म्हणायचा. "तुझ्या पगाराला लावू का?"

"आहे की. मॅनेजर म्हणतात तिला."

त्याच आठवड्यात स्टॅनमोरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला संध्याकाळच्याच स्वयंपाकाला विचारलं. पैसे जवळजवळ दुप्पट. आमच्या ह्यांची पाठ धरलेली, वेअरहाऊसचं काम बंद. नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. पण या मुलांना सांगायचं कसं?

शेवटच्या सामन्याची टेप लागली होती. वाद सुरू झाला. पोळी तव्यावर टाकता टाकता मी विचारलं, "पण त्या खेळाडूलाच जायचं असलं तर?"

"जाऊ दे की, ताई," नागपूरकर म्हणाला. "पण कॅप असली, तिकडेही पैसे तेवढेच मिळणार म्हटल्यावर जाईल कशाला?"

मी गॅस बंद केला आणि स्टॅनमोरचं सांगून टाकलं.

पुणेकरानं नागपूरकराकडे बघितलं. "बोला साहेब. लावा कॅप."

"गप रे." मग मला म्हणाला, "त्यांना हो म्हणालात?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं म्हणू?"

"आम्हाला काय विचारायचं? तेवढं देणं आम्हाला जमणार नाही. उद्या फोन करा. आणि बसचं भाडं वेगळं मागा, लाजू नका."

"आणि आपण काय खायचं?" तिसऱ्यानं विचारलं.

"उकडलेली अंडी," पुणेकर म्हणाला. "तीही हा करपवतो."

सोमवारपासून मी स्टॅनमोरला जाऊ लागले. रविवारचा स्वयंपाक मात्र मुलांनी माझ्याकडेच ठेवला, आणि पैसे स्टॅनमोरच्या दरानं द्यायला लागले. मी नको नको म्हटलं, पण नागपूरकर ऐकेना. कॅपबद्दलचं त्याचं मत काही बदललं नाही. रविवारी माझ्या पोळ्या खात तो तसाच भांडायचा.