आक्काच्या बांधावरचे भुंगे

आक्का माझी थोरली बहीण. वळसंगला दिली आणि पुरती वळसंगचीच झाली. भाकऱ्या थापून झाल्या की तिचा पाय घरात ठरायचा नाही. घर आवरायला सून होती, पण रान आपल्याशिवाय कुणाला कळत नाही असा तिचा ठाम समज. तोच समज तिनं माझ्याबाबतीतही ठेवला होता. मी सोलापूरच्या संशोधन केंद्रात तणांवर काम करते हे सांगितलं, की ती पाव्हण्यांसमोर म्हणायची, "सरकार हिला गवत उपटायचा पगार देतंय."

अशा बाईला गाजर गवतानं घरात बसवलं. गाजराच्या पाल्यासारखा पाला, वर पांढरी बारीक फुलं, दिसायला अगदी गरीब. ओढ्याकडच्या पडीक पट्ट्यात ते माजलं आणि तिथून बांधावर चढलं. आधी आक्काच्या कोपरांना खाज सुटली, मग मान लाल झाली, मग एका सकाळी डोळे इतके सुजले की तिला चूल दिसेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं, या गवताच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. आक्का ओट्यावर बसून रानाकडे तोंड करून म्हणाली, "माजंच रान मला नको म्हणतंय गं." माझ्या या बहिणीला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्या गवताचा असा काही राग आला की विचारू नका.

तणनाशक आम्ही आधीच मारून बघितलं होतं. फवारलं की पिवळं पडायचं, वाळायचं, दाजी, म्हणजे आक्काचे मालक, खूश व्हायचे. पुन्हा चार सरी पडल्या की मातीतलं जुनं बी उगवून यायचं आणि पट्टा पुन्हा हिरवागार. म्हणून मी केंद्रात बोलून त्याच पट्ट्यावर चाचणी घेतली. एका भागात तणनाशक, एका भागात मेक्सिकोहून आपल्याकडे आणलेले भुंगे, आणि एक भाग तुलनेसाठी तसाच. भुंगा तुरीच्या दाण्याएवढा, पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघा. हा गाजर गवत खातो, ज्वारीच्या वाटेला जात नाही. डब्यातून ते पानांवर सोडताना दाजी शेजारी उभे होते. "म्याडम, तुमची जनावरं लईच बारीक हायेत," ते म्हणाले. "ह्यांच्यानं काय व्हतंय?"

पण जनावरं रुळली. पानांच्या पाठीला पिवळी अंडी दिसू लागली, मग अळ्या, मग शेंडे कुरतडलेले. मी हरखून गेले आणि केंद्रातल्या वरिष्ठांना पाहायला बोलावलं.

इथंच घात झाला. दाजी माणूस पाव्हणचारात कुणाला हार जायचे नाहीत. साहेब लोक आपल्या रानात येणार म्हटल्यावर त्यांनी आदल्या दिवशी माणसं लावली, सगळा पट्टा कापून काढला, उरलंसुरलं तणनाशकानं झोडपलं आणि वर मांडव घातला. आमची गाडी पोचली तेव्हा दाजी टोपी-उपरण्यात उभे होते, हातात हार, आणि मागं लख्ख उघडी जमीन. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, पान नाही.

"दाजी, हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"पाव्हणं येणार, आन् रान असं पारोसं दावायचं व्हय?" ते खरोखरच चकित झाले होते.

वरिष्ठांनी हार घालून घेतला, चहा घेतला आणि जाताना एवढंच सांगितलं, की ही माती हलवू नका. मला मात्र आशा नव्हती. कोरड्या दिवसांत हे भुंगे जमिनीत शिरून झोपतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. पण ते भरल्या पोटानं झोपणाऱ्यांचं. अर्ध्या जेवणावरून उठवलेल्यांचं काय, ते मला ठाऊक नव्हतं. मी दाजींशी बरेच दिवस धड बोलले नाही. त्यांनी मात्र त्या पट्ट्यावर कुणाची शेळीसुद्धा फिरकू दिली नाही.

त्या थंडीत रानात हुरडा झाला. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत, म्हणजे खड्ड्यात पेटवलेल्या गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची, तळहातावर चोळायची आणि दाणे गरम आहेत तोवर खायचे. आक्काचा वाटा डब्यातून घरी आला. तिनं दोन दाणे तोंडात टाकले आणि झाकण लावलं. "गार हुरडा म्हंजी काय गं," एवढंच म्हणाली.

वैशाखात मी एकटीच त्या पट्ट्यावर गेले. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. जमिनीला हात आत जाईल अशा भेगा पडल्या होत्या. खुरप्यानं एक ढेकूळ फोडलं, दुसरं फोडलं, आणि त्याच्या आत, मातीत केलेल्या छोट्याशा खोलीत, तो होता. पाय पोटाशी घेतलेला. मेला असंच वाटलं. मी त्याला तळहातावर घेतलं, पदराची सावली धरली आणि बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं एक पाय लांब केला. मग दुसरा.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वर सगळं होरपळलेलं, खायला काडी नाही, प्यायला थेंब नाही, आणि हा तुरीच्या दाण्याएवढा जीव बिनघोर वाट बघत पडलेला. इतकी वर्षं मी हे शिकवत होते, पण मला ते त्या क्षणी कळलं. मी हात जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका. मग त्याला होता तिथं ठेवलं आणि वर माती सारली.

पावसाळ्यात गवत उगवलं, आणि त्याच्या मागोमाग मातीतून भुंगे वर आले. शेरास सव्वाशेर भेटला. श्रावण सरेपर्यंत निम्म्याहून जास्त पट्ट्यात नुसते दांडे उभे होते, फुलांचा पत्ता नव्हता. बांधावरचं उरलेलं गवत दाजींनी हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटलं. तरी मी आक्काला थंडीपर्यंत थांबवलं. ती तोंडाला पदर गुंडाळून आधी थोडा वेळ आली, मग जास्त वेळ. डोळे सुजले नाहीत. गवत कायमचं गेलं असं मी म्हणणार नाही, पण ती बांधावर उभी राहू शकत होती.

यंदाच्या हुरड्याला आक्का सगळ्यांच्या आधी रानात. दाजींना आगटीसाठी मोकळी जागा हवी होती. पडीक पट्टा रिकामा दिसला म्हणून ते कुदळ घेऊन तिकडं निघाले.

"आवं, तितं नको!" आक्का ओरडली. "हिकडं लिंबाखाली खणा."

"का? तितं काय हाय आता?"

"खाली निजल्यात ती जनावरं," आक्का म्हणाली. "आन् जरा हळू बोला की."

दाजींनी कुदळ खांद्यावर घेतली आणि पट्ट्याला वळसा घालून आले. आक्कानं पहिलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि गरम दाणे आधी स्वतःच्या तोंडात टाकले.