केळ्याची तुकडी

शेवंताबाईंनी तुळशीची माळ घातली तेव्हा सगळ्या गल्लीला कौतुक वाटलं. मला मात्र राग आला, कारण खरी गोष्ट त्यांनी एकट्या मला सांगितली होती.

कोपरखैरणे गावठाणात आमची दारं समोरासमोर. त्या आगरी. घरात नवरा नामदेव आणि दोन मुलगे, प्रितम आणि प्रितेश. दोघं कबड्डी खेळणारे, एका बैठकीला चार-चार भाकऱ्या उडवणारे. मी साताऱ्याकडची, जन्माची शाकाहारी. तरी त्यांच्या खिडकीतल्या वासावरून आज कुठली मासळी, बोंबील की जिताडा, हे मलाही कळायला लागलं होतं. जिताड्याचं डोकं शेवंताबाईंचं. ते नामदेवभाऊ आधी त्यांच्या ताटात टाकायचे, मग पोरांना वाढायचे.

नामदेवभाऊंची तुर्भ्यातली कंपनी बंद पडली आणि मासळी परवडेना. आगऱ्याच्या घरातून आठ दिवस मासळीचा वास आला नाही, की गल्ली विचारतेच.

"माल घातली म्हंजे कोन काय विचारत नाय," त्या मला म्हणाल्या. "पोरांची मान खाली नको जायला." नवऱ्याला आणि पोरांनाही त्यांनी भक्तीचंच कारण सांगितलं.

"अहो, पण माळ घातली की मासळी जन्माची सुटली. तुमचं काय?" मी चिडून विचारलं.

"माजा काय, मी बगीन."

आणि खरंच त्यांनी काय काय करून बघितलं! वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याचं बिरडं, तेही मासळीच्या कालवणाचाच लाल मसाला आणि चिंच घालून. भाजीवाला टाकून देतो ते फ्लॉवरचे दांडे चणाडाळीत शिजवायचे. भाताची पेज ओतून न देता तीच आमटीत जायची. आणि कच्च्या केळ्याच्या तिरक्या, जाड तुकड्या मसाला लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. पहिल्या दिवशी प्रितेशने नाक मुरडलं. दुसऱ्या घासाला गप्प झाला, आणि पाचवी भाकरी मागितली. त्या कडेला उभ्या राहून त्याचं खाणं बघत होत्या. मी त्यांच्याकडून हे सगळं शिकले, आणि माझा राग मात्र तसाच राहिला. लोक काय म्हणतील म्हणून एवढं?

दोन वर्षांनी प्रितमला दिघ्याला नोकरी लागली. पहिल्या पगाराचा तो भलामोठा जिताडा घेऊन आला. माळकरणीच्या चुलीवर चालणार नाही, म्हणून नामदेवभाऊंनी गच्चीत वेगळी शेगडी मांडून, वेगळ्या पातेल्यात स्वतः कालवण केलं. मलाही जेवायला बोलावलं होतं. मी आणि शेवंताबाई थोड्या बाजूला, आमच्या ताटात भात आणि केळ्याच्या तुकड्या.

नामदेवभाऊ वाढायला उठले. प्रितम काहीतरी बोलत होता, सगळे हसत होते. हसता हसता त्यांनी पातेल्यात पळी घातली, जिताड्याचं डोकं वर काढलं आणि तीस वर्षांच्या सवयीने बायकोच्या ताटात टाकलं.

सगळ्यांचे हात थांबले. नामदेवभाऊ पळी धरून तसेच उभे. "अरे देवा," ते पुटपुटले, "माज्या लक्षातच नाय."

शेवंताबाईंनी ताट उचललं. मला वाटलं, लांब सारतील. त्यांनी ते नाकाजवळ धरलं, डोळे मिटले आणि इतका लांब श्वास घेतला की मलाच बघवेना. मग ताट नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमी खा. मीठ जरा कमी हाय."

"न चाखता कसा कलला?"

"वासानं."

नामदेवभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "शेवंते, तुला माल नको व्हती?"

"जेवा गप. निवतंय."

शेवंताबाईंनी माझ्या ताटातली एक केळ्याची तुकडी उचलून तोंडात टाकली. मी मान खाली घातली. मासळी मीही खात नव्हते, पण मला त्यासाठी कधी काही सोडावं लागलं नव्हतं.