आमच्या विभागाचा एकुलता एक कॅमेरा

कुठल्याही लग्नात, बारशात मला कुणी ना कुणी गाठतंच. "तुम्ही त्या सिनेमाच्या कॉलेजात ना? मग सांगा की एखादा किस्सा!" जणू मी किस्से पर्समध्ये घालूनच फिरते. पण खरं सांगू का, फिरतेच! अंबाजोगाईत माणूस एकतर डॉक्टर असतो, नाहीतर डॉक्टरच्या दारात नंबर लावून बसलेला असतो. अशा गावात कुणीतरी सिनेमा शिकवायचा विभाग काढला, तर किस्से साचणार नाहीत तर काय होईल?

मी त्या विभागात लॅब इन्स्ट्रक्टर. म्हणजे पोरांना कॅमेरा, लाइट, माइक, एडिटिंग हाताळायला शिकवायचं आणि काही बिघडलं की बोलणी खायची. बोलणी देणारे आमचे विभागप्रमुख. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. आणि सर ज्यांची बोलणी खातात ते संस्थेचे अध्यक्ष, दादासाहेब. झाली ओळख. एवढ्यावर आमची चित्रपटसृष्टी चालते.

* * *

विभागाला नवा कॅमेरा आला त्या दिवशी सरांनी तो लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली आतल्या खिशात टाकली.

मी म्हटलं, "सर, आणि प्रॅक्टिकल?"

"घ्या की! कोण नको म्हणतंय? फक्त कॅमेरा नको. पोरांचे हात घामेजलेले असतात."

मग काय, पोरांनी थर्माकोलचा कॅमेरा बनवला. काळा रंग दिला, लेन्स म्हणून शाम्पूच्या बाटलीचं झाकण चिकटवलं. अख्खं सेमिस्टर त्याच्यावर काढलं. पोरं एक डोळा मिटून झाकणातून क्लोजअप घ्यायची. आणि मी, पुण्यातनं शिकून आलेली बाई, मागून ओरडायची, "फोकस गेला बघ तुझा!"

विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा खरा कॅमेरा टेबलावर मांडला. समितीतल्या एका साहेबांनी रेणुकाला पुढे बोलावलं. रेणुका पाटोद्याच्या बाजूची, धनगराची पोर, वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी. साहेब म्हणाले, "बेटा, कॅमेरा खांद्यावर घेऊन दाखव."

तिनं सवयीनं एका हातानं पटकन उचलायला घेतला. हात तिथेच राहिला.

"आगं बया, ह्याला वजन हाय!"

सरांचा चेहरा उतरला. समितीनं मात्र अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या मनात उपकरणांविषयी आदर दिसून आला.'

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. झेरॉक्स मशीनला हार, कॉम्प्युटरला हार, जनरेटरला लिंबू. कॅमेऱ्याची पूजा मात्र सर स्वतःच्या हातांनी करतात. त्या वर्षी मी पेढे आणायला गेले आणि तेवढ्यात सरांनी पूजा उरकली. लेन्सच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाची पाच बोटं!

मी येईपर्यंत कॅमेरा दादासाहेबांच्या दसरा मेळाव्याला रवाना झालेला. चित्रीकरण मी नंतर बघितलं. मेळावाभर लाल-पिवळं धुकं, आणि त्या धुक्यात दादासाहेब भाषण करतायत.

आता दादासाहेबांची एक गंमत. त्यांना चष्म्याशिवाय हाताच्या अंतरावरचंही धड दिसत नाही. पण चष्म्यात आपण म्हातारे दिसतो असं त्यांचं ठाम मत आहे. कॅमेरा दिसला की चष्मा खिशात, आणि चारचौघांत तो परत बाहेर निघत नाही. ते मेळाव्याचं चित्रीकरण त्यांनी तसंच, डोळे बारीक करून बघितलं. सर शेजारी घामाघूम होऊन उभे.

दादासाहेब म्हणाले, "वा! चेहऱ्यावर काय तेज आलंय! मॅडम, दरवेळी हेच तंत्र वापरा."

मी पुढे दिवाळीपर्यंत लेन्स पुसत होते. सर मला रोज विचारायचे, "एवढी घाई कशाला करताय पुसायची?"

* * *

आमच्या मुलांच्या फिल्मचे विषय ठरलेले असतात. व्यसनमुक्ती, स्वच्छता आणि सैनिक. आकाश नावाच्या पोरानं व्यसनमुक्ती घेतली. म्हणाला, "मॅडम, अभिनय नको. आपल्याला एकदम खरं पाहिजे." आणि त्यानं दारुड्याच्या भूमिकेला गावातला खराखुरा दारुडा ठरवला. रोज सकाळी पारावर पडलेला असतो, कधी चुकत नाही.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सगळे पारावर हजर. हा गडी आला तो अंघोळ करून, दाढी करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. डोळे स्वच्छ. चाल सरळ.

आकाश रडायच्या बेतात. "काका, पिला न्हाई काय तुमी?"

"येड्या, शूटिंग हाय आज! चारचौघांत असं पिऊन येत्यात का?"

दिवसभर प्रयत्न केले, पण त्या माणसाला झोकांडी म्हणून जमेना. शेवटी आकाशनं स्वतःच दारुड्याचं काम केलं, आणि ह्या गड्याला व्यसनमुक्तीचा उपदेश करणारा मास्तर केलं. ते काम त्यानं छान केलं.

सामान आवरताना त्याची बायको माझ्याजवळ आली. पदर सावरत हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं हे शूटिंग रोज न्हाई का ठिवता येणार?"

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली.

* * *

आता रेणुकाचं ऐका. तिच्या वडिलांची, आबांची, मेंढरं होती. आबांचे गुडघे गेलेले, थोरला मुलगा पुण्याला ट्रक चालवतो, मेंढरांमागं जायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून आबा कळप विकणार होते. रेणुकाला त्याआधी त्यावर डिप्लोमा फिल्म करायची होती. मला म्हणाली, "आबानं मोठा पडदा कधी बघितलाच न्हाई, मॅडम. मेंढरं गेल्यावर एकदा त्यायला पडद्यावर दावायची हायेत. तेवढंच."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मेंढरं? कावून गं? दुसरा विषय न्हाई मिळाला? जरा सामाजिक काहीतरी घे. स्वच्छता घे."

"सर, आबा मेंढरं इकायलेत. मंग काय रिकाम्या वाडग्याचं, नुसत्या कुंपणाचं शूटिंग करू?"

विषय नाइलाजानं मंजूर झाला. पण कॅमेरा कुठे मिळतोय! एकदा दादासाहेबांच्या हस्ते बोअरचं उद्घाटन. मग दादासाहेबांच्या पुतण्याचा साखरपुडा. तो तर एका कॅमेऱ्यावर 'मल्टिकॅमेरा प्रॅक्टिकल' म्हणून पोरांच्या माथी मारला. मग कपिलधारला दादासाहेब चिंतन करतानाचा शॉट. धबधब्याला धार अशी नव्हतीच, आणि दादासाहेब चिंतनात दोनदा फोनवर बोलले. इकडे आबांकडे व्यापारी येऊन मेंढरं बघून जात होते. मला भयंकर संताप यायचा. रेणुका नुसती रोज येऊन कपाटाकडे बघून जायची. ते मला जास्त लागायचं.

शेवटी मी सरांना घाबरवलं. "सर, बॅटरी अशीच पडून राहिली तर मरते. दादासाहेबांच्या वाढदिवसाला कॅमेरा सुरूच झाला नाही तर?"

एका सकाळपुरती किल्ली मिळाली.

* * *

आम्ही पहाटेच वाडीवर पोचलो. मेंढरं टेकडीवरच्या वाडग्यात, उजेड सुंदर. रेणुकानं कॅमेरा लावला आणि बघते तर समोर सतरंजी, खुर्च्या आणि सगळी वाडी नवे कपडे घालून बसलेली! आबा गुलाबी फेटा बांधून उभे.

"आबा, आवं मेंढरं सोडा की!"

"सोडतो की. आधी पाव्हण्यांचा सत्कार तर हू दे."

माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. माझ्यासोबतच्या दोन पोरांचा झाला. मग गाडीच्या ड्रायव्हरचा. मग पोलीस पाटलांनी आबांचा केला, आबांनी पोलीस पाटलांचा. शेवटी कुणाला तरी आठवलं, "आरं, कॅमेऱ्याचा राहिला!" ट्रायपॉडला टॉवेल-टोपी झाली. आणि ह्या सगळ्याचं चित्रीकरण करणं भागच होतं, कारण प्रत्येक जण हार घातल्यावर कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबायचा आणि लाल दिवा बघितल्याशिवाय हलायचा नाही.

ऊन वर आलं. बॅटरीची शेवटची कांडी लुकलुकायला लागली. रेणुका सगळ्यांच्या अंगावर अशी ओरडली की वाडी गप झाली. "आबा! सोडा मेंढरं!"

आबांनी वाडगं उघडलं, पुढे झाले आणि तोंडानं लांब हाक घातली. अख्खा कळप टेकडीवरून धुरळा उडवत खाली उतरला. तिनं तो लांबून, न हलता, बॅटरी संपेपर्यंत घेतला. एकच शॉट. मी इतकी वर्षं शिकवते, मला असा घेता आलेला नाही.

तो बघून सर म्हणाले, "ह्यात डायलॉग कुठाय? ही फिल्म म्हणून लावता येणार नाही." पुढच्या बाजारी आबांनी मेंढरं विकली.

* * *

दादासाहेबांच्या वाढदिवसाला त्यांच्या कार्यावर फिल्म करायची होती. वेळेत काम पुरं करणारी विभागात एकच, म्हणून एडिटिंग रेणुकाच्या गळ्यात. पाटोद्याच्या सभेपाशी गाडी अडली. सभेला माणसंच आली नव्हती. सगळ्या शॉटमध्ये खुर्च्या.

सर म्हणाले, "क्राउड टाक."

"सर, क्राउड आलाच न्हाई."

"मग कुठला बी टाक! लांबून दिसला पाहिजे, हलला पाहिजे, धुरळा उडाला पाहिजे. एवढं पण शिकवलं नाही का मॅडमनी?"

रेणुकानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"तसा हाय सर माझ्याकडं."

"मग टाक की! दाखवत कशाला बसतेस मला?"

* * *

वाढदिवस मैदानावर. स्टेजवर दादासाहेब, त्यांच्या मागे भला मोठा एलईडी पडदा. फोटोग्राफर समोर, म्हणून चष्मा खिशात. सर दादासाहेबांच्या खुर्चीमागे हात बांधून. रेणुकानं आबांना आणलं होतं. आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो. आबांच्या डोक्याला तोच गुलाबी फेटा.

दिवस मावळला, फिल्म सुरू झाली. बोअर झालं, साखरपुडा झाला, चिंतन झालं. मग फिल्ममधला सरांचा भारदस्त आवाज घुमला, "आणि दादासाहेबांच्या एका हाकेवर डोंगरदऱ्यांतून जनसागर लोटला!"

पडद्यावर धुरळा उठला. धुरळ्यातून टेकडी उतरत मेंढरं आली. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, पडदाभर मेंढरं.

आबांनी रेणुकाचा हात घट्ट धरला. "ती बघ, ती बघ, भुरी! आन् तिचं कोकरू बी हाय बघ मागं!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझंही काही वेगळं नव्हतं.

बाकी मैदानावर हसायचं सगळ्यांना होतं, पण आधी कोण हसणार? सरांनी स्टेजवर खांबाचा आधार घेतला होता.

दादासाहेब सावकाश उठले. पडद्याकडे वळले. डोळे बारीक करून त्यांनी ते पांढरं, हलणारं सगळं मन भरून बघितलं. मग दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन जोडले आणि कमरेत वाकले.

ते उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली. पहिली रांग उभी राहिली म्हणून दुसरी. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. रेणुकानं शॉट कापलेला नव्हता. मेंढरं येतच होती, दादासाहेब वाकलेलेच होते.

माझ्या शेजारी आबा उठले. फेटा सारखा केला, तोंडाशी हात धरला आणि रानातल्या आवाजात, स्टेजपर्यंत जाईल असं ओरडले,

"सायेब! त्यायला कशापायी हात जोडायलात? ती समदी मागल्याच बाजारी इकली म्या!"