बाळूची माकडटोपी

तेव्हा आमची पोस्टिंग काश्मिरात, नियंत्रण रेषेवरच्या एका चौकीवर होती. मी हवालदार, मोर्टार डिटॅचमेंटचा कमांडर. ताब्यात मूठभर जवान, एक मोर्टार आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. सगळ्यांत जास्त त्रास स्टोव्हने दिला.

मोर्टारवर नेम लावायचा नाईक सॅम्युअल. नाशिकच्या शरणपूरचा मराठी ख्रिस्ती. नेम पक्का, जीभ गोड, आणि एक खोड. जेवणाआधी उभा राहून तो मोठ्याने प्रार्थना म्हणायचा. त्याची संपेपर्यंत घास उचलायचा कसा, म्हणून आम्ही सगळे ताट धरून उभे. प्रार्थनेत आधी त्याची आई यायची, मग पलटण, आणि शेवटी पलीकडचा मोर्टारवाला. "देवा, त्या माणसाला सांभाळ, सुखरूप घरी ने." तोवर रोट्या गार.

पलीकडूनही एक मोर्टार आमच्यावर लागलेला होता. सोळाशे तीसला, म्हणजे दुपारी साडेचारला, आमच्या चहाच्या वेळी, त्याचा एक बॉम्ब यायचा आणि डावीकडच्या रिकाम्या नाल्यात पडायचा. रोज तोच नाला.

आमचे सुभेदारसाहेब सटाण्याकडचे. एकदा गार रोटी हातात धरून वैतागले. "नाव ले ना भो! देवले कसं समजी? तथा गह्यरा लोक शेतस."

मुद्दा बरोबर होता. पलीकडे माणसं बरीच होती. मी म्हटलं, आमच्या विंचूरला बाळू नावाचा पोरगा होता. चिंचेखाली उभा राहून दगड मारला तरी तो शेजाऱ्याच्या पत्र्यावर जायचा. ठरलं. पलीकडच्या माणसाचं नाव बाळू.

मग बाळू आमच्यातलाच झाला. बॉम्बला उशीर झाला की सुभेदारसाहेब विचारायचे, "तुना बाळू आज कथा गया रे?" सॅम्युअल गंभीरपणे सांगायचा, "पोट बिघडलं असेल, साहेब."

मी एकदा त्याला छेडलं. "प्रार्थनाही करतोस आणि हुकूम आला की बॉम्बही टाकतोस. हे कसं?"

"हुकूम सरकारचा आहे, प्रार्थना येशूची. दोन्ही पाळतो. त्याचा द्वेष कर, असं दोघांपैकी कुणी सांगितलेलं नाही."

मी त्याला स्टोव्ह दुरुस्त करायला लावलं.

नाताळात त्याच्या आईचं पार्सल आलं. करंज्यांचे दोन डबे. एकावर 'सॅम', दुसऱ्यावर 'बाळू'. आम्ही सॅम्युअलकडे पाहिलं. तो लाजला. "फोनवर मी बाळूबद्दल बोलतो ना. आईला वाटतं, आपल्याच पलटणीतला आहे."

"मग सांग की खरं," मी म्हटलं.

"सांगेन, साहेब. रजेवर गेलो की समोर बसून सांगेन."

बाळूचा डबा पलीकडे पोहोचवायची सोय नव्हती. सुभेदारसाहेबांनी जड अंतःकरणाने त्याचा ताबा घेतला आणि निम्म्याहून जास्त करंज्या स्वतः खाल्ल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी, वेळ नसताना, बॉम्ब आला. नाला सोडून थेट आमच्या पाण्याच्या टाकीपाशी पडला. सॅम्युअल तिथे कॅन भरत होता.

मी वायरलेस सेटवर कळवलं. "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"सीरियस? ओव्हर."

"नो मोअर. ओव्हर."

फायरचा हुकूम आला. नेम मी लावला. थांबायचा हुकूम येईपर्यंत आम्ही बॉम्ब टाकले. त्या दिवशी मला बाळू मेलेला हवा होता. त्यानंतर सोळाशे तीसचा बॉम्ब कधीच आला नाही.

रजा मिळाल्यावर मी सॅम्युअलची ट्रंक घेऊन शरणपूरला गेलो. त्याची आई, सुशीलामावशी, निवृत्त नर्स. तिने वाढायला घेतलं. ताटं तीन.

"बाळू नाही आला?"

"रजा नाही मिळाली, मावशी."

"सॅम गेल्यावर एकटा पडला असेल तो. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते मी." ती आत गेली आणि निळी माकडटोपी घेऊन आली. "त्याच्यासाठीच विणलीय. नेऊन दे."

टोपी मी मांडीवर ठेवली. मी सगळं सांगितलं. नाला, चिंच, टाकी.

तिने विचारलं, "माझ्या करंज्या कोणी खाल्ल्या?"

"आम्हीच. सुभेदारसाहेबांनी जास्त."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी बसून राहिलो. पलटणीत याचं ट्रेनिंग देत नाहीत.

"जिवंत आहे का तो?"

"माहीत नाही. आम्हीही खूप टाकले."

तिने डोळे पुसले. तिसरं ताट उचलायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. "जेवणाआधी त्याचं नाव घ्यायचं असतं. आज माझ्याच्याने होणार नाही. तू घे."

मी विंचूरचा, खंडोबाचा भक्त. प्रार्थना येत नव्हती आणि बाळूसाठी तर करायचीच नव्हती. पण समोर ती बसली होती आणि भात गार होत होता. मी उभा राहिलो, सावधानमध्ये. "देवा, बाळूला सांभाळ." एवढंच, तेही दात आवळून.

"आमेन," मावशी म्हणाली. "जेव आता."

आता मी रिटायर होऊन नाशिकलाच असतो. दर नाताळात मावशीकडे जेवायला जातो. प्रार्थना ती म्हणते. बाळूचं नाव आलं की थांबते, आणि मी उभा राहून ते घेतो. सुभेदारसाहेब वारले तेव्हापासून त्यांचंही नाव असतं, करंज्यांच्या उल्लेखासह.

गेल्या नाताळात मी उठलो तर तिने हाताने खाली बसवलं. डोळे मिटले. "देवा, माझ्या सॅमला तुझ्याजवळ ठेव. आणि बाळू तिथे आला असेल तर दोघांना एका पंगतीला बसव. नसेल आला, तर त्याला थंडी वाजू देऊ नकोस."

टोपी माझ्या कपाटात आहे. दरवर्षी तिला ऊन दाखवतो. कसर लागू दिलेली नाही.